मालमोटारीची हुबेहूब प्रतिकृती

खेळण्यातली मोटार आणि मोटारीची प्रतिकृती या दोन वस्तू दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची जात निराळी. खेळणे मोटारीसारखे दिसले की मुलाचे समाधान होते. प्रतिकृती मात्र एका विशिष्ट गाडीची, विशिष्ट काळातली असावी लागते. त्या गाडीवर वीस वर्षे हात बसलेला चालक ती पाहून "ही तीच!" म्हणाला, तर काम साधले असे समजावे.

परदेशात अशा प्रतिकृतींसाठी प्लास्टिकचे सुटे भाग पेटीत भरून विकतात. अमेरिकेतील पीटरबिल्ट ३५९ ही लांब नाकाची गाडी एएमटी कंपनीने १:२५ या प्रमाणात आणली. इटलीच्या इटालेरीचे प्रमाण १:२४. आपल्या रस्त्यांवरची जुनी मालमोटार हवी असेल, तर मात्र ती बहुधा आपल्याच हातांनी घडवावी लागते. उदाहरणादाखल आपल्याकडच्या टाटा-मर्सिडीज गाडीचाच विचार करू.

प्रथम गाडीचा इतिहास पाहावा. १९४५ साली निघालेली टेल्को कंपनी आधी रेल्वेची इंजिने बांधीत असे. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ साली करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे टाटांची खूण आली. म्हणजे एवढ्याशा बिल्ल्यावरून गाडीचा काळ ठरतो. १९७५ ची म्हणून केलेल्या प्रतिकृतीवर तारा बसवला, तर जाणकार तेथेच थांबेल.

आता प्रमाण. नवशिक्याला १:२४ हे प्रमाण फार सोयीचे, कारण त्यात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा अर्धा इंच. आठ फूट रुंदीची गाडी चार इंचांची होते, चौदा फुटांचा हौदा सात इंचांचा. टायरवर ९.००-२० असे कोरलेले असेल, तर पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. अशा टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ४० इंच भरतो. त्याला २४ ने भागले की सुमारे ४२ मिलिमीटरचे चाक मिळते. सातवीच्या मुलाने त्रैराशिक शिकावे ते अशा कामावर. घनफळाचा हिशेबही त्याला येथेच कळतो : लांबी २४ पट कमी झाली, की घनफळ १३,८२४ पट कमी होते.

बांधणीला चॅसीपासून आरंभ करावा. पन्हळीच्या आकाराचे दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी ती शिडीच असते. प्रतिकृतीत ती प्लास्टिकच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून करता येते. तिच्याखाली कमानीचे पाटे. पातळ पत्र्याच्या क्रमाने आखूड होत जाणाऱ्या पट्ट्या एकावर एक बांधल्या की ते साधतात. मालाचा मुख्य भार मागच्या आसावर पडतो, म्हणून पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने चार चाके असतात. मागचे पाटेही पुढच्यापेक्षा जाड. भार कोठून कोठे जातो हे ध्यानात आले, की कोणता भाग जाड करावा आणि कोणता बारीक, हे वेगळे सांगावे लागत नाही.

केबिन आणि हौदा हा खरा अवघड भाग आहे. त्या काळी कारखान्यातून बहुधा चॅसी, इंजिन आणि बॉनेटसह पुढचे तोंड एवढेच येई. बाकीची बॉडी गावोगावचे सुतार आणि पत्रेकाम करणारे मिस्त्री बांधीत. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांची केबिन सारखी नसे. फळ्यांची संख्या, फाळक्याच्या बिजागऱ्या, टपावरच्या ताडपत्रीची जागा, सारे मिस्त्रीच्या हाताचे. याचे नकाशे कोणी काढून ठेवले नाहीत. माप मिस्त्रीच्या डोक्यात असे.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्रतिकृतीवरचा मिलिमीटरचा दहावा भाग एवढा रंग म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा थर. म्हणून लांबी भरून, काचकागदाने घासून, रंगाचे पातळ हात द्यावेत. लाकूडही बारीक रेषांचे घ्यावे. जाड रेषा २४ पट मोठ्या वाटतात. चकाकी थोडी कमीच बरी. पाठीमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचे ते गाडीचा काळ पाहून, कारण महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ही अक्षरे रंगविण्यास मनाई केली.

शेवटी धूळ. बेळगावच्या दक्षिणेला खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती, तर ईशान्येला गोकाक-अथणीकडे काळी रान. घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या गाडीच्या चाकांवर तांबडा थर हवा. ऊस वाहणाऱ्या गाडीवर काळा चिखल. डिझेलच्या टाकीखाली तेलकट डाग, पोत्यांनी घासून गुळगुळीत झालेला हौद्याचा तळ, या खुणांनी गाडीने केलेले कष्ट दिसतात.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या समाजातील कित्येक घरे चालक, क्लीनर, मिस्त्री, हमाल यांच्या मिळकतीवर उभी राहिली. ज्या गाड्यांनी आमच्या मुलांच्या शाळेची फी भरली, त्या आता भंगारात जात आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे योग्यच. परंतु गाडी मोडली की मिस्त्रीच्या हाताचे माप कायमचे जाते. ते पुन्हा कोठून आणणार?

म्हणून सभासद बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या ओळखीची जुनी मालमोटार मोडीत निघणार असेल, तर आधी एका रविवारी मुलांना घेऊन तिच्यापाशी जा. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्या, फीत लावून मापे वहीत उतरवा, बॉडी कोणी आणि कोणत्या साली बांधली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. प्रतिकृती पुढे सवडीने होईल. मापांची वही मात्र आजच हवी.