आधी कुकर, मग शेगडी

पावसाळा सरला की भंडारदरा आणि पवनेच्या काठी तंबूंचा हंगाम सुरू होतो. पहिल्यांदाच मुलाबाळांना घेऊन निघालेलं कुटुंब तंबूच्या जोडीला हमखास एक छोटी शेगडी विकत घेतं. खरेदीचा क्रम इथेच चुकतो. दुकानातली मुठीएवढी, तीन काटक्यांच्या पायांवर उभी राहणारी शेगडी एकट्यादुकट्या गिर्यारोहकासाठी बनलेली असते. त्याला अर्धा लिटर पाणी उकळून सुक्या पाकिटात ओतायचं असतं. चौघांच्या घराला खिचडी, वरण-भात, बटाट्याची भाजी आणि दोन-तीनदा चहा लागतो. म्हणून आधी जेवण ठरवावं, त्यावरून भांडं, मग इंधन, आणि शेगडी सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेलं की आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांसाठी उत्तर एकच निघतं: घरातला तीन लिटरचा प्रेशर कुकर.

गॅसचा हिशेब मांडला की हे पटेल. लिटरभर पाण्याला उकळी आणायला वारा नसताना साधारण १५ ग्रॅम गॅस जातो. बाजारात मिळणारा बुटेनचा कॅन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे पंधराएक लिटर पाण्याची बेगमी. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण तलावाकाठच्या वाऱ्यात आच भांड्याला लागण्याऐवजी बाजूला उडते आणि खर्च सहज दुप्पट होतो. त्यात तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजवायची तर पाऊण तास धरावा लागतो. मोठी शेगडी पूर्ण आचेवर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस ओढते, तेव्हा आच निम्मी ठेवली तरी कॅनचा तिसरा हिस्सा एका वरणातच संपेल. कुकरात वाफेच्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं. भिजवलेली डाळ तीन-चार शिट्ट्यांत मऊ होते आणि गॅस बंद केल्यावरही कोंडलेल्या वाफेत शिजत राहते. सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या १४२४ मीटर उंचीवर, पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा तिथे हा फरक जरासाच वाढतो. पण तेच कुटुंब लडाखला निघालं तर कुकरावाचून डाळ लवकर शिजायचीच नाही, कारण लेहच्या उंचीवर उकळतं पाणी ८८-८९ अंशांपुढे जात नाही.

कुकर जड असतो, हा आक्षेप पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी अगदी खरा आहे. चालत गड चढायचा असेल तर झाकणाचं एक हलकं पातेलं आणि मूगडाळीची खिचडी, एवढ्यावर भागवावं. मात्र कुटुंबांचं बहुतेक कॅम्पिंग गाडी तंबूपर्यंत नेऊनच होतं, आणि तिथे किलो-दीड किलोने काही बिघडत नाही. वजनाचा खरा प्रश्न वेगळा आहे. भरलेला कुकर चार किलोंच्या घरात जातो, आणि काटकुळ्या पायांच्या उंच शेगडीवर, उंचसखल जमिनीवर, आजूबाजूला मुलं पळत असताना तो कलंडला तर भाजण्याचा धोका मोठा. भांडं ठरल्यावरच शेगडी घ्यावी, ती यासाठी: तिला बसका, रुंद पाया हवा.

अशी बसकी शेगडी म्हणजे पेटीसारखी, बाजूच्या कप्प्यात कॅन आडवा बसवायची. ती उत्तम, पण तिच्याबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तिच्यावर घरचा मोठा तवा ठेवला की त्याची कड कॅनच्या कप्प्यावर येते. तापलेल्या लोखंडाची धग खाली परतून कॅन तापवते, आतला दाब वाढतो आणि कॅन फुटू शकतो. वाऱ्यासाठी शेगडीभोवती पत्र्याचा पूर्ण आडोसा केला तरी तेच होतं. आडोसा एका बाजूने, तोही कॅनपासून दूर असावा. उलट डिसेंबरच्या थंडीत हाच कॅन रुसतो. बुटेन शून्याच्या आसपास द्रवच राहतं, आणि वायू होताना ते स्वतःला आणखी गार करत जातं, म्हणून पहाटे ज्योत मरगळते. प्रोपेन मिसळलेला कॅन घेतला तर हा त्रास कमी होतो. दोन रात्रींहून जास्त मुक्काम आणि स्वतःची गाडी असेल तर एजन्सीत किंवा काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळणारा पाच किलोंचा सिलिंडर परवडतो. तो गाडीत उभा आणि घट्ट बांधून न्यावा, नळी जोडल्यावर साबणाचं पाणी लावून गळती तपासावी.

रेल्वेने जाणार असाल तर हा पर्यायच नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि किमान ९ माणसं गेली. स्वयंपाकाचं सामान प्रवासात किती जीवघेणं ठरू शकतं, याचा याहून भयंकर पुरावा नको. विमानातही गॅसचा कॅन चालत नाही, तेव्हा इंधन मुक्कामाच्या गावी घ्यावं. पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत ओढणं तितकंच घातक, कोळशाची शेगडी तर त्याहून. बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

मग तीन दगडांची चूल काय वाईट, असं कुणी विचारेल. चुलीवरच्या जेवणाची ओढ खरी आहे. पण कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला वन्यजीव कायद्याची मनाई आहे. हिवाळ्यानंतर वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. शिवाय प्रत्येक कुटुंबाने काटक्या गोळा केल्या तर गावाच्या सरपणातच वाटा मागितल्यासारखं होतं. चुलीची चव हवी असेल तर पायथ्याच्या गावात सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी मिळते, आणि पैसे राबणाऱ्या घरात जातात. भाकरी गावातून आली की तवा, परात, पिठाचा डबा सगळं घरीच राहतं. सामानात उरतात कुकर, चहाचं पातेलं, पकड, सुरी आणि एक मोठा चमचा.