गावाकडचं प्रेम, पाऊसमान पाहून

१९५५ साली शाळामास्तरांच्या तोंडून सांगितलेली दोन पुस्तकं आली. इंग्लंडात डोरा सेंट यांनी ‘मिस रीड’ या टोपणनावानं ‘व्हिलेज स्कूल’ लिहिलं, तर इकडे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. दोन्ही गावं मूठभर वस्तीची. फेअरेकर गावातली शाळा, चर्च आणि एकट्या मास्तरीणबाईंचं लग्न जुळवायला टपलेले शेजारी, एवढ्या ऐवजावर मिस रीडची मालिका पुढं चाळीस वर्षं चालली. प्रेमाची चाहूल बनगरवाडीतही लागते. तरुण मास्तर कारभाऱ्याच्या अंजीला चोळी शिवून आणून देतो आणि कारभारी बिथरतो. हलक्याफुलक्या कादंबरीला हा गैरसमज शंभर पानं पुरला असता. पण माडगूळकरांना पुढं दुष्काळ गाठायचा असतो. शेवटी मेंढरं जातात आणि वाडी उठते.

गावातल्या गोड प्रेमकथांचा दिलासा जोडप्यात फारसा नसतोच. ती दोघं शेवटी एकत्र येणार, हे वाचकाला पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं. तो रमतो गावात. भांडण जत्रेपर्यंत मिटणार, आगाऊ म्हातारी ऐनवेळी उपयोगी पडणार, पोरं कुठंही गेली तरी परत येणार, याची त्याला खात्री असते. अशा कथेला वर्षभर भरलेलं गाव लागतं.

मराठीत गावाकडचं हसू भरपूर पिकलं. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान आणि गणामास्तर जमले की उद्योगांना तोटा नसे. प्रेमप्रकरणाला मात्र तिथं जागा कमीच. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर या त्रयीनं कथाकथनानं सभागृहं गाजवली. गंमत अशी, की तिघांनाही साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मराठवाड्यातच मिळालं : माडगूळकरांना १९८३ मध्ये अंबाजोगाईला, पाटलांना १९८५ मध्ये नांदेडला, मिरासदारांना १९९८ मध्ये परळीला. म्हणजे मराठवाड्यानं पंढरपूर, माडगूळ, कोल्हापूरकडच्या गावांना डोक्यावर घेतलं. त्याची स्वतःची गोष्ट मात्र निराळी निघाली. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा घ्या. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, तेव्हा शेतकरी बाप स्वतःच्या मालावर नाचून त्याचा चिखल करतो. त्या बाजारात कुणी कुणाकडं चोरून पाहत असेल, तर तिकडं वळायला लेखकाला उसंत नाही.

याचं कारण धाराशिवच्या शिवारात सापडतं. दिवाळी सरली की भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली कित्येक घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती जोडीवर. त्यामुळं लग्नं लवकर उरकण्याकडं कल. जिथं लग्न हेच मजुरीचं माप, तिथं ‘जमेल की नाही’ अशी हुरहुर लावणारी प्रकरणं कुठून काढायची?

हसू आणि प्रेम एकत्र आलं ते टीव्हीच्या पडद्यावर. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’नं कोल्हापूरकडचा पैलवान आणि शिक्षिका यांची जोडी घरोघरी नेली, पुढच्याच वर्षी ‘लागिरं झालं जी’त साताऱ्याकडचा फौजी आला. वाडा, तालीम, हिरवं रान, सगळं बागायती. कोयता घेऊन माणसं उतरतात तो हाच पट्टा, पण त्यांची खोपटी मालिकांच्या चौकटीत क्वचितच येतात.

‘सैराट’ही २०१६ चाच. परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याकडचा हा सिनेमा मध्यंतरापर्यंत विहीर, क्रिकेट, चिठ्ठ्या आणि मित्रांची टिंगल यांत रमतो. प्रेक्षक थिएटरात नाचले ते त्या अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यात जात आडवी येते, आणि गावानं जोडप्याला सांभाळून घ्यायचा करार मोडतो.

तरीही धाराशिवकडं ऐवज कमी नाही. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. भूमकडं खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथं कढईशी बसून दूध आटेपर्यंत गावभरच्या सोयरिकी चर्चेला घेता येतात. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. नळदुर्गच्या किल्ल्यात ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे जोडीनं कोसळतात, तेही बोरी नदीला पाणी आलं तरच.

विनोदालाही तोटा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. मुलींचं घटलेलं प्रमाण आणि गर्भलिंग निदानाचा कायदा हे त्यांचे मुद्दे होते. असा मोर्चा भोकरवाडीतून निघता, तर नाना चेंगटानं घोडा उधारीवर आणला असता. आजच्या लेखकाला मात्र घोड्याच्या भाड्याबरोबर मुलीकडच्यांचे प्रश्नही लिहावे लागतील : जमीन किती, बोअरला पाणी आहे का, आणि दिवाळीनंतर जावई गावातच राहणार ना?