टच स्क्रीनला बोट कसे कळते? : कार्यपद्धती आणि शेतातील वापर

जबलपूर येथील भाकृअनुप–तण संशोधन संचालनालयाने पिकांतील तणे व त्यांचे व्यवस्थापन यांची माहिती देणारे ‘वीड मॅनेजर’ हे मोबाइल ॲप विकसित केले आहे. अशी माहिती आज बोटाच्या स्पर्शाने बांधावर मिळते. मात्र ओल्या बोटाला फोनचा पडदा अनेकदा चुकीचा प्रतिसाद देतो, तर फवारणीचा जाड हातमोजा घातलेल्या बोटाला बहुधा प्रतिसादच देत नाही. याचे कारण पडद्याच्या रचनेत आहे.

स्मार्टफोनमध्ये धारिता तत्त्वावरील पडदा असतो. त्याच्या काचेखाली पारदर्शक वीजवाहक पदार्थाची सूक्ष्म जाळी असते. त्यासाठी बहुधा इंडियम टिन ऑक्साइड वापरतात. मानवी शरीर वीजवाहक असल्याने बोट टेकताच त्या ठिकाणची विद्युत धारिता बदलते आणि नियंत्रक चिप तो बदल मोजून बोटाची जागा निश्चित करते. जाड रबरामुळे बोट व जाळी यांतील अंतर वाढून हा बदल अत्यल्प होतो; पाण्याच्या थेंबामुळे मात्र खोटा स्पर्श नोंदला जाऊ शकतो. अशा पडद्याची संकल्पना ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मांडली.

रोध तत्त्वावरील पडद्यात किंचित अंतरावर दोन वाहक थर असतात. दाब पडताच ते एकमेकांस टेकतात. त्यामुळे हा पडदा हातमोज्यानेही चालतो. कारखान्यांतील नियंत्रण फलकांवर तो आढळतो. अवरक्त प्रकारात पडद्यावर अदृश्य किरणांची जाळी असते व बोट ते किरण अडवते. मोठ्या माहिती फलकांसाठी हा प्रकार वापरतात; त्याच्या कडांवरील धूळ नियमित पुसावी लागते.

एटीएम, रेल्वे तिकीट यंत्रे, माहिती किऑस्क आणि ट्रॅक्टरवरील जीपीएस मार्गदर्शक यंत्रणा यांत टच स्क्रीनचा वापर होतो.

फवारणी सुरू असताना मात्रा पाहण्यासाठी हातमोजा काढल्यास तणनाशक त्वचेला व पडद्याला लागते. तोच फोन पुढे कानाला लावला जातो आणि घरी मुलांच्या हाती पडतो. म्हणून तणाची ओळख, तणनाशकाची मात्रा व पाण्याचे प्रमाण फवारणीपूर्वीच पाहून कागदावर लिहून घ्यावे. फोन फवारणीच्या जागेपासून दूर, बंद पिशवीत ठेवावा. काम संपल्यावर हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच तो हाताळावा. विस्तार कार्यकर्त्यांनी ॲपचे प्रात्यक्षिक देताना ही दक्षताही आवर्जून सांगावी.