माझ्दा : एका हट्टी कारखान्याची हकीकत

जपानी मोटारींचा विषय निघाला म्हणजे टोयोटा, होंडा, सुझुकी हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर तयार असतात. रस्त्याच्या कडेस पांच मिनिटें उभें राहिलें तरी तीं वाचावयास मिळतात. त्याच देशांतील आणखी एक नांव असें आहे कीं, त्याच्या मोटारी हिंदुस्थानांत विकल्या जात नाहींत. परंतु त्याची हकीकत आमच्या मतें ह्या तिघांहून अधिक मनोवेधक आहे. तें नांव माझ्दा. पालकवर्गास तें अगदींच अपरिचित नसावें. पंजाबांतील एक कारखाना माझ्दाच्या साह्यानें लहान मालमोटारी व बसगाड्या बांधीत असे, आणि 'स्वराज माझ्दा' हीं अक्षरें त्यांच्या दर्शनी भागावर आपल्याकडेहि पुष्कळ वर्षें दिसत असत. सन २०११ मध्यें त्या कंपनीनें आपलें नांव बदललें.

शब्द मूळचा जपानी नव्हे. प्राचीन इराणच्या धर्मांत परमेश्वरास अहुर माझ्दा म्हणत, आणि मुंबईचे आमचे पारशी बंधु आजहि म्हणतात. त्यांतील 'माझ्दा' ह्या पदाचा अर्थ ज्ञानवान् असा करितात. इकडे कारखान्याच्या चालकांचें आडनांव मात्सुदा. आणि जपानी अक्षरांत गाडीचें नांव आजहि 'मात्सुदा' असेंच लिहितात. एका शब्दांत देवाचेंहि नांव आलें व धन्याचेंहि! व्यापारी माणसास ह्याहून सोयीचें नांव कोठून मिळणार?

हे जुजिरो मात्सुदा ता. ६ ऑगस्ट १८७५ रोजीं हिरोशिमाजवळ एका कोळ्याच्या घरीं जन्मले. लहानपणींच ते ओसाका शहरीं लोहारकाम शिकावयास गेले. हिरोशिमा येथें सन १९२० मध्यें बूच तयार करणारी एक कंपनी निघाली होती. तिचीं सूत्रें दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या हातीं आलीं. पहिल्या महायुद्धामुळें परदेशचें बूच येईनासें झालें होतें, म्हणून स्वदेशी झाडाच्या सालीवर हा धंदा उभा राहिला होता. युद्ध संपलें, परदेशचा चांगला माल पुन्हां येऊं लागला, आणि गिऱ्हाईक ओसरलें. त्यांतच सन १९२५ मध्यें कारखान्यास आग लागली. बुचावर फार काळ तरून राहतां येणार नाहीं हें ओळखून जुजिरो आपल्या मूळच्या विद्येकडे, म्हणजे लोखंडाकडे, वळले. सन १९२७ मध्यें कंपनीच्या नांवांतून 'बूच' हा शब्द गळला व 'तोयो कोग्यो', म्हणजे पौर्वात्य उद्योग, एवढेंच उरलें. सन १९३१ मध्यें तिनें तीन चाकांची एक मालगाडी बाजारांत आणिली : पुढचा भाग मोटारसायकलीचा, मागें माल भरावयाचा हौदा. आपल्याकडील मालवाहू रिक्षाची ती दूरची आजी म्हटली तरी चालेल. ह्याच गाडीवर 'माझ्दा' हें नांव प्रथम झळकलें. सन १९३६ मध्यें कंपनीनें अशा गाड्यांचा तांडा दक्षिणेकडील कागोशिमापासून टोकियोपर्यंत, सुमारें २,७०० किलोमीटर, चालवून दाखविला व आपल्या मालाची खात्री लोकांस पटविली.

ता. ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशीं जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळीं शहरांत न्हाव्याकडे केस कापून घेऊन ते निघाले आणि थोड्याच वेळांत हिरोशिमावर अणुबाँब पडला, असें सांगतात. ते वांचले, त्यांचा एक पुत्र मात्र त्या दिवशीं गेला. कारखाना स्फोटाच्या स्थानापासून सुमारें पांच किलोमीटरांवर होता, व मध्यें हिजियामा नांवाची टेकडी आडवी होती. तिच्या आडोशामुळें यंत्रें बहुतांशीं शाबूत राहिलीं. परंतु कामगार कांहीं टेकडीच्या आड राहत नव्हते. शंभरांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. शहरांत धड उभी इमारत उरली नाहीं, तेव्हां प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांनीं ह्या कारखान्याचाच आश्रय घेतला. आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत तिचाकी गाड्या पुन्हां बाहेर पडूं लागल्या. जळलेल्या शहराचा ढिगारा उपसावयास व धान्य आणावयास गाड्या हव्याच होत्या.

पुढील पंधरा वर्षें ह्या तिचाकींवर गेलीं. सन १९६० मध्यें कंपनीनें आपली पहिली चारचाकी प्रवासी मोटार काढिली. ती इतकी लहान होती कीं, मागच्या बाजूस मुलेंच काय तीं बसावीं. किंमत ३,००,००० येन. ती चांगली खपली. परंतु खरी अडचण निराळीच होती. परदेशी मोटारींपुढें आपले लहान कारखाने टिकणार नाहींत, सबब ते एकमेकांत मिळवून दोनतीन मोठे संघ करावे, असा विचार त्या वेळीं जपानी सरकारांत चालला होता. जुजिरोंच्या मागून अध्यक्ष झालेले त्सुनेजी मात्सुदा ह्यांस वाटलें कीं, जें दुसऱ्या कोणापाशीं नाहीं असें कांहींतरी आपल्यापाशीं असेल तरच आपलें नांव उरेल. ते जर्मनीस गेले आणि 'एन्‌एस्‌यू' कंपनीकडून फेलिक्स वांकेल ह्यांनीं कल्पिलेल्या फिरत्या एंजिनाचे हक्क त्यांनीं मिळविले.

हें फिरतें एंजिन म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. साध्या मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या मुसळाप्रमाणें वरखालीं होतो, आणि शिंप्याच्या यंत्राचा पायटा जसें वरखालीं हलून चाक फिरवितो, तशीच येथें त्या हालचालीची गोल गति करावी लागते. दर फेऱ्यास दट्ट्यानें थांबावें, उलटावें, पुन्हां धांवावें; म्हणून असें एंजिन थरथरतें. वांकेल ह्यांचें एंजिन मुसळाच्या जातीचें नव्हे, जात्याच्या जातीचें. दोनदाणी भुईमुगाच्या शेंगेस मध्यें जशी किंचित् कंबर असते, तशा आकाराची एक लोखंडी पोकळी कल्पावी. तींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी गोळा फिरतो, व त्याचीं तिन्ही टोंकें पोकळीच्या भिंतीस सतत घासत राहतात. त्यामुळें पोकळीचे तीन कप्पे पडतात. गोळा फिरेल तसतसा प्रत्येक कप्पा मोठा व लहान होतो, आणि पेट्रोल व हवा आंत घेणें, दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें हीं चारहि कामें फिरतां फिरतांच उरकतात. भाग थोडे, वजन कमी, आकार लहान. कागदावर हें एंजिन निर्दोष होतें.

लोखंडांत तसें नव्हतें. ह्या कामासाठीं केनिची यामामोटो ह्यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस जण नेमिले होते. जपानांत आपल्या मृत धन्यासाठीं प्राण देणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची गोष्ट घरोघर माहीत आहे, म्हणून ह्या मंडळींसहि तेंच नांव पडलें. यामामोटो हे युद्धानंतर ह्याच कारखान्यांत साधे कामगार म्हणून शिरले होते. एंजिन कांहीं तास चालविलें कीं पोकळीच्या आंतल्या गुळगुळीत भिंतीवर ओळीनें ओरखडे उठत, आणि तें निकामी होई. ह्या ओरखड्यांस त्यांनीं 'सैतानाचीं नखें' असें नांव दिलें. कारण मोठें मौजेचें आहे. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनानें ओढला असतां तो थरथरतो व रेघेऐवजीं ठिपक्यांची ओळ उमटते, हें आमचे विद्यार्थी रोज पाहतात. त्रिकोणाच्या टोंकांवर बसविलेल्या पट्ट्या भिंतीवरून अगदीं तशाच थरथरत जात होत्या. पट्टीस आडवीं छिद्रें पाडून तिची थरथर बदलतां येते असें प्रथम दिसून आलें. पुढें कर्ब व अॅल्युमिनियम ह्यांच्या मिश्रणाची पट्टी करण्यांत आली, तेव्हां तीं नखें बोथट झालीं. ता. ३० मे १९६७ रोजीं असें एंजिन बसविलेली 'कॉस्मो स्पोर्ट' ही मोटार विक्रीस निघाली. एंजिन एक लिटराहूनहि किंचित् लहान, व शक्ति ११० घोड्यांची!

येथपर्यंत कारखान्याची बाजू झाली. पण मोटार विकत घेणारा मनुष्य सैतानाचीं नखें विकत घेत नाहीं. त्यास सकाळीं कामावर जावयाचें असतें. म्हणून ज्यांनीं ह्या गाड्या बाळगल्या त्यांचे अनुभव विचारांत घेतल्यावांचून आम्हांस हा लेख अपुरा वाटला असता. निरनिराळ्या देशांतील मालकांचें सांगणें पाहतां तें आश्चर्यकारक रीतीनें एकसारखें आहे. एंजिनाच्या गुळगुळीतपणाविषयीं सारे एकमुखानें बोलतात : वेग वाढतच जातो, थरथर म्हणून नाहीं, आणि वेगाची परिसीमा झाली हें कानास कळतच नाहीं, इतकें कीं कांहीं गाड्यांत त्यासाठीं इशाऱ्याची घंटी बसवावी लागली. ह्या सुखाचें भाडें मात्र द्यावें लागतें. भिंतीस घासणाऱ्या पट्ट्यांना वंगण हवें, म्हणून हें एंजिन मुद्दामच थोडें थोडें तेल आंत सोडून जाळतें; ज्यास हें ठाऊक नाहीं आणि जो दुसऱ्या गाडीप्रमाणें महिनोन्‌महिने तेलाची कांडी काढून पाहत नाहीं, त्याचें एंजिन लवकरच आजारी पडतें. गाडी फाटकांतून अंगणांत घेण्यापुरती चालू करून थंडच बंद केली, तर पेट्रोल आंत सांचून ती पुन्हां चालूच होत नाहीं, असा अनुभव तर कित्येकांनीं घेतलेला आहे. पट्ट्या झिजल्या म्हणजे तापलेलें एंजिन बंद केल्यावर पुन्हां धरीत नाहीं. आणि पेट्रोल! त्याची तहान कधींच भागत नाहीं.

ह्या तहानेनेंच घात केला. अमेरिकेंत माझ्दाचा खप भराभर वाढत असतां सन १९७३ मध्यें अरब देशांनीं तेल रोखलें, आणि जगभर पेट्रोल महाग झालें. फिरत्या एंजिनाच्या गाड्या गोदामांत पडून राहिल्या. कंपनी बुडावयाच्या बेतास आली. सुमितोमो बँकेनें तिला सांवरून धरिलें, आणि कारखान्यांतील हजारों कामगारांस यंत्रांवरून उठवून गांवोगांव गाड्या विकावयास पाठविण्यांत आलें. ज्या हातांनीं पाने धरावयाचे त्यांनीं दारोदार जाऊन नमस्कार करावे! पुढें मात्सुदा घराण्याच्या हातून अध्यक्षपद गेलें, आणि सन १९७९ मध्यें अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनें चतुर्थांश हिस्सा घेतला. हट्ट धन्यांनीं करावा व त्याचें ओझें कामगारांनीं आणि गिऱ्हाइकांनीं वाहावें, ही गोष्ट आम्हांस सहजासहजीं पटत नाहीं. परंतु हेंहि खरें कीं, कारखान्यानें तें एंजिन टाकून दिलें नाहीं, तर विकलेल्या गाड्यांची उपेक्षाहि केली नाहीं. तेवढ्याच पेट्रोलांत शेंकडा चाळीसनें अधिक अंतर कापावयाचें असा संकल्प सोडून, राखेंतून उठणाऱ्या फीनिक्स पक्ष्याचें नांव त्या योजनेस दिलें. सन १९७८ मध्यें निघालेली 'आर्‌एक्स-७' ही त्याच उद्योगाचें फळ होय.

सन १९९१ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल माँ येथें चोवीस तासांच्या शर्यतींत माझ्दाची ५५ क्रमांकाची गाडी पहिली आली. जपानी कारखान्यानें ती शर्यत जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. ३६२ फेरे पुरे झाले, तेव्हां शेवटची पाळी चालविणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता कीं, विजयाच्या चौथऱ्यावर त्यास उभें राहतां आलें नाहीं. फिरत्या एंजिनानें मिळविलेला तेथील हा एकमेव विजय आहे.

मालकांचें खरें प्रेम मात्र ज्या माझ्दावर बसलें, तिचें एंजिन साधें, मुसळाच्या जातीचेंच आहे. सन १९८९ मध्यें निघालेली 'एम्‌एक्स-५' नामक दोन बैठकांची, उघड्या टपाची ही लहान मोटार सन २०१६ पर्यंत दहा लक्षांवर बांधली गेली. तिच्यांत सामान मावत नाहीं, उंच माणसाचे गुडघे अवघडतात, पहिल्या कांहीं गाड्यांच्या एंजिनाच्या दांड्याचें टोंक सैल होत असे, थंड देशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठानें तिचा पत्रा खालून गंजतो. हें सर्व तिचे मालकच सांगतात, आणि सांगून पुन्हां तीच घेतात. सन २०१७ मध्यें कंपनीनें जपानांत जुन्या गाड्या परत घेऊन नव्यासारख्या करून देण्याची सोय सुरू केली. तीस वर्षांपूर्वीं विकलेल्या मालाची अशी विचारपूस करणारे व्यापारी थोडे.

कांहीं तक्रारींस तर कारखाना तरी काय करणार? अमेरिकेंत सन २०११ मध्यें माझ्दास सुमारें ५२,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या एका पिवळ्या कोळ्यामुळें. हा प्राणी पेट्रोलाच्या टांकीच्या वायुनळींत शिरून जाळें विणी. नळी कोंदली म्हणजे टांकीस चीर पडून पेट्रोल गळण्याचा धोका.

फिरत्या एंजिनाची शेवटची प्रवासी गाडी 'आर्‌एक्स-८' सन २००३ मध्यें निघाली. तिच्या पट्ट्या लवकर झिजल्याच्या तक्रारी इतक्या आल्या कीं, सन २००८ मध्यें कंपनीनें अमेरिकेंतील मालकांस एंजिनाची हमी चार वर्षांऐवजीं आठ वर्षांची, अथवा १,००,००० मैलांची, करून दिली. आमच्या मतें शर्यतींतील विजयापेक्षां ही गोष्ट अधिक मोलाची आहे. चषक कारखान्याच्या कपाटांत राहतो, हमी गिऱ्हाइकाच्या हातीं पडते. सन २०१२ मध्यें ती गाडी बंद झाली.

अकरा वर्षांनीं, सन २०२३ मध्यें, तें एंजिन परत आलें. पण आतां चाकें फिरविण्यासाठीं नव्हे. 'एम्‌एक्स-३०' नामक विजेच्या मोटारींत एकाच त्रिकोणाचें ८३० घन सेंटिमीटरांचें एंजिन बसविलें असून, विजेचा सांठा संपत आला म्हणजे तें वीज उत्पन्न करितें आणि गाडी चालवावयाचें काम विजेवरच सोडतें. लहान आकार व थरथरीचा अभाव हे त्याचे जुने गुण येथें कामास आले. टोंकावरची जी पट्टी साठ वर्षें मालकांस व कारखान्यास छळीत आली, ती ह्या खेपेस अर्धा मिलिमीटर अधिक रुंद केलेली आहे.