आपल्या मातीतील चित्रे, आपल्या माणसांपुढे

स्थानिक कलावंतांच्या चित्रांचे प्रदर्शन कशासाठी भरवावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्या जीवनात सापडते. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे जन्मलेल्या फोन्सेका यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे चित्रकलेचे धडे घेतले. त्यांनी पवित्र मरिया साडी नेसलेली रंगविली. युरोपीय धर्तीची चित्रे पाहण्याची सवय जडलेल्या अनेक गोमंतकीय भाविकांना ती रुचली नाही. टीकेला कंटाळून ते गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले व तेथेच त्यांनी चित्रसाधना केली.

त्यांच्या पत्नीने जपलेली शेकडो चित्रे पुढे गोव्यात परतली. पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात त्यांचा संग्रह आहे.

अनोळखी चित्र पहिल्या भेटीत खटकते. पुन्हा पुन्हा पाहिले की त्यातील आई आपली वाटू लागते. ही भेट घडवून आणणे हेच प्रदर्शनाचे कार्य होय. म्हणून आपल्या परिसरातील कलाकेंद्रात वा चर्चच्या सभागृहात एखाद्या तरुण चित्रकाराचे प्रदर्शन भरल्यास आपण सहकुटुंब जावे, चित्रापुढे थोडे थांबावे आणि काही न पटल्यास तेथे उपस्थित असलेल्या चित्रकारालाच विचारावे. फोन्सेका यांना हे विचारणारे फार थोडे भेटले असावेत.