केवळ चालणे पुरेसे आहे काय?

"व्यायाम करता काय?" या प्रश्नास आमच्या बाह्यरुग्ण विभागातील बहुतेक ज्येष्ठांचे उत्तर एकच असते : "रोज चालतो." ही सवय स्तुत्यच आहे. तथापि नेमाने चालणारी व्यक्तीही न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि कित्येक महिने परस्वाधीन होते, हेही आम्ही पाहतो. यामागील कारण जाणून घ्यायचे तर व्यायामाच्या प्रत्येक प्रकाराचे कार्य निराळे आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल.

चालणे, पोहणे, सायकल चालविणे यांनी हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढते. रक्तदाब व रक्तशर्करा आटोक्यात राहण्यास साहाय्य होते. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा कमी असल्याचे लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले होते.

स्नायूंचे बळ मात्र एवढ्याने टिकत नाही. वयानुसार स्नायू क्षीण होत जातात आणि हात न टेकता खुर्चीतून उठणेही जड जाऊ लागते. नेहमीपेक्षा किंचित अधिक भार पेलावा लागला, तरच स्नायू बळकट होतात व हाडांनाही चालना मिळते. खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यानेही आरंभ होतो. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातील वृद्धांच्या पायांचे बळ आठ आठवड्यांच्या भारव्यायामाने लक्षणीय वाढले. "आता वय झाले" ही सबब म्हणूनच टिकत नाही.

तिसरे अंग तोलाचे. आधाराजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव पडण्याचा धोका कमी करण्यास उपयोगी पडतो. योगासनांनी सांधेही लवचिक राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम व किमान दोन दिवस बळवर्धक व्यायाम करावा. पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल व बळ यांचे व्यायाम तीन किंवा अधिक दिवस करावेत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा गुडघेदुखी असल्यास प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. भार उचलताना श्वास रोखू नये.

घरातील ज्येष्ठांना फिरावयास धाडणाऱ्या कुटुंबीयांस आमची विनंती आहे, की आठवड्यातील दोन-तीन दिवस त्यांच्यासमवेत उठा-बसाही. स्वतःच्या पायांवर उभे राहून जगणे हेच दीर्घायुष्याचे खरे सार्थक होय.