संदेशांची रोजकीर्द

नाशिक जिल्ह्यातील लासलगावी कांद्याच्या मोसमात सकाळीच ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागते. सगळे एकदम आले तरी लिलाव एकामागून एक होतो. रांग असल्यामुळे कुणाचा माल हाकनाक परत जात नाही.

संगणकांचेही असेच आहे. समजा, परीक्षेचा निकाल लागला आणि लाखभर मुलांनी एकाच मिनिटात गुणपत्रिका मागितल्या. मागणी घेणारा संगणक चपळ, पण गुणपत्रिका तयार करणारा संथ. दोघांना थेट जोडले तर संथ संगणक कोलमडेल व मागण्या हरवतील. म्हणून मध्ये रांग ठेवतात. एकाने संदेश रांगेत टाकून मोकळे व्हावे, दुसऱ्याने सवडीने उचलावा.

मात्र कांदा एकदा विकला की गेला. संदेश वाचल्याने संपत नाही! याच गोष्टीचा उपयोग करून अमेरिकेतील लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स, जून राओ आणि मूळच्या पुण्याच्या नेहा नारखेडे यांनी 'काफ्का' ही प्रणाली रचली. ती वेगाने लिहिणारी, म्हणून तिला एका लेखकाचे नाव! २०११ साली तिची मूळ आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली करण्यात आली.

काफ्का म्हणजे दुकानदाराची रोजकीर्दच. नवी नोंद नेहमी शेवटी. वाचली म्हणून खोडायची नाही. वाचणारे कितीही असोत, कोण कोठवर वाचून झाला याची प्रत्येकाची खूण वेगळी. एखादा संगणक तासभर बंद पडला, तरी नंतर तो आपल्या खुणेपासून पुढे वाचू लागतो. जुनी पाने मुदत संपल्यावर काढून टाकतात; वेगळे सांगितले नाही तर ही मुदत ७ दिवसांची असते.

पण वहीच जळाली तर? म्हणून निरनिराळ्या संगणकांवर तिच्या प्रती ठेवतात, बहुधा ३. काम वाटून घेता यावे म्हणून वहीचे भागही पाडतात. एका भागातील नोंदींचा क्रम पक्का असतो; दोन भागांतील नोंदींपैकी आधीची कोणती, याची हमी नसते. यास्तव एका खात्याच्या सर्व नोंदी एकाच भागात पाठवतात.

खरी गंमत पुढेच आहे. 'खात्यातून १०० रुपये वजा करा' हा संदेश वाचून संगणकाने पैसे वजा केले, आणि खूण पुढे सरकवण्यापूर्वीच वीज गेली. वीज येताच तोच संदेश पुन्हा वाचला जाईल व २०० रुपये जातील! बरे, आधी खूण सरकवून मग पैसे वजा करावे, तर वीज गेल्यास ते काम राहूनच जाईल. तेव्हा प्रत्येक संदेशाला वेगळा क्रमांक देतात, आणि तो क्रमांक खात्यात आधीच मांडलेला नाही ना, हे पाहूनच पैसे वजा करतात.